बदली मास्तरांची टोपी

मी इंग्रजी पाचवीत असताना कानडी मुलखातल्या आमच्या गावी, लॅमिंग्टन रोडवरच्या शाळेत ते एकच दिवस बदलीवर आले. नाव विचारायचंही राहिलं. आल्याआल्या त्यांनी टोपी टेबलाच्या खणात ठेवली, टपालाने आलेला कालचा हवामानाचा नकाशा फळ्यावर लावला आणि सारख्या दाबाच्या रेषांवरून बोट फिरवत विचारलं, "आज सकाळी पलीकडच्या कलघटगी गावात पाऊस झाला असेल?"

"उद्याचं विचारा की, सर!"

"उद्या मी नसणार. तुमची चूक कोण दाखवणार?"

रेषा दूरदूर दिसल्या, म्हणजे हवा शांत, तेवढ्यावर आम्ही ओरडलो, "इल्ल सर, नाही! कोरडं!"

ते सकाळच्या मोटारीने तिथूनच आले होते. त्यांनी खणातली टोपी पिळली. पाणी ठिबकलं. आम्ही ओशाळलो.

"कोरडं समजून छत्री मीही घरीच ठेवली होती," ते म्हणाले.

पुढे पुष्कळ मास्तर पाहिले. स्वतःची चूक वर्गासमोर पिळून दाखवणारे तेवढेच.