यमुनाबाईंची पाठीवरची गिरकी

चंदीगडच्या सेक्टर ४३मधल्या त्या इमारतीत कुणाच्या घरी भांडण झालं आणि कुणाकडे शिरा झाला, हे सगळ्यांना वासावरून कळतं. त्यामुळे पन्नाशी उलटलेल्या यमुनाबाई गच्चीवर साबणाचं पाणी ओतून उताण्या पडतात आणि लक्ष्मीकांतराव त्यांना दोरीने ओढतात, ही बातमी चहाच्या आधीच तळमजल्यावर पोचली.

"काय हो, संसार ओढून दमला नाहीत?" कुणीतरी खालून विचारलंच.

लक्ष्मीकांतराव डेराबस्सीच्या औषध कारखान्यातून नुकतेच निवृत्त झालेले. महिनाअखेर दोघं कायमची सांगलीला निघणार होती. त्याआधी यमुनाबाईंना एकच गोष्ट हवी होती. भाक्रा धरणाच्या गोविंदसागर तळ्यावर मोटरबोटीमागे अनवाणी पायांनी घसरत जायचं, चालत्या वेगात पाठीवर पडून एक पुरी गिरकी घ्यायची आणि पुन्हा उभं राहायचं. शिकाऊंची पहिली गिरकी ती. हे खूळ वरच्या मजल्यावरच्या स्वानंदीचं. मोहालीत आयटीत असलेली ही पोरगी एका रविवारी काकूंना "नुसतं बघायला" घेऊन गेली, आणि काकू तिथल्याच झाल्या. घसरणं जमलं. गिरकी मात्र जमेना, म्हणून गच्चीवर ही तालीम.

आता कृष्णाकाठच्या बाईला पाण्याचं भय ते काय! पाठीला सुका भोपळा बांधून त्या पोहायला शिकल्या होत्या. डोकं मागे टाकायचं, हात पसरायचे. मग थोरला भाऊ पायाचा अंगठा धरून गरागरा फिरवायचा आणि घाट, देऊळ, ढग सगळं डोक्यावर फेर धरायचं. लग्न होऊन चंदीगडला आल्यावर पाणी उरलं ते बादलीत.

आणि नेमकी तीच विद्या आड येत होती. बोटीच्या वेगात डोकं मागे गेलं की नाकातोंडात पाणी आणि हातातली दोरी गायब.

"आंटीजी, ठोडी छाती से! आसमान मत देखो!" शिकवणारे हरपालसिंग स्वतःच्या हनुवटीवर बोट ठेवून ओरडायचे.

"जी, पक्का," म्हणून यमुनाबाई पुन्हा आभाळच बघायच्या.

शेवटच्या रविवारी त्या दोनदा गटांगळ्या खाऊन वर आल्या.

"काकू, राहू दे ना आता."

"गप गं! सांगलीत मला बोटीमागे कोण ओढणार आहे?"

पुन्हा बोट सुटली. त्या घसरल्या, बसल्या, पाठीवर पडल्या. मान मागे जायला आसुसली. त्यांनी हनुवटी छातीत रुतवली. दिसले ते फक्त स्वतःच्या पायांचे अंगठे. अंगठे वळले, पांढऱ्या फेसाकडे गेले, फिरून बोटीसमोर आले. त्या लटपटत उभ्या राहिल्या.

बोटीत टाळ्या. बोट थांबली तशा यमुनाबाई तिच्या कडेला येऊन आभाळाकडे बघत राहिल्या.

"अगं, जमलं की!" लक्ष्मीकांतराव म्हणाले.

"जमलं हो. पण तिकडे कृष्णेत आभाळ फिरायचं. इथे मीच फिरले." त्यांनी डोळे पुसले, पाणी तळ्याचं की कशाचं, कोण विचारणार? मग दोरीकडे बघत म्हणाल्या, "अहो, सामानाच्या ट्रकवाल्याला फोन लावा. पुढच्या रविवारनंतर ये म्हणावं."

"म्हणजे?"

"म्हणजे एकदा जमलं म्हणून येतं असं होत नाही. सरदारजी, एक और!"