दुसऱ्याच्या दाखल्यावर मेलेला माणूस

अध्यक्षाच्या पणजोबाने आपल्या सख्ख्या बहिणीला आयुष्यभर फसवलं. ती बहीण माझी खापरपणजी. तिच्या नवऱ्याचा मुडदा आता अध्यक्षाने स्वतःच्या घराण्यात ओढून घेतला आहे. हे मी रागात लिहितोय, पण कागद समोर ठेवून लिहितोय.

अध्यक्ष म्हणजे इथल्या आमच्या कोकणी मुसलमानांच्या मंडळाचा अध्यक्ष. अबुधाबीत ऑफिस, कोटाच्या खिशात रुमाल, आणि माईक दिसला की घसा साफ करायची सवय. मी दुबईच्या अल कुसैसमध्ये जुन्या एसीचे कॉम्प्रेसर विकतो. अध्यक्षाच्या भाषेत भंगारवाला. बत्तीस वर्षांपूर्वी आलो तेव्हा माझ्या व्हिसावर ‘सुतार’ लिहिलं होतं. मी आजवर करवत हातात धरलेली नाही. कागदावर एक आणि माणूस दुसराच, ही गोष्ट मला कोणी शिकवायची गरज नाही.

दोन वर्षांपूर्वी मंडळाला एका म्हाताऱ्या इंग्रजाचं पत्र आलं. तो दुबईत शाळामास्तर होता, आता रिटायर झालाय आणि लंडनच्या गोदीत खून झालेल्या, विसरल्या गेलेल्या खलाशांची माहिती गोळा करतो. त्याने लिहिलं होतं की व्हिक्टोरिया राणीच्या शेवटच्या वर्षांत गोदीजवळच्या एका लॉजमध्ये भांडण झालं, आणि आमच्या गावच्या एका खलाशाला दुसऱ्या जहाजावरच्या माणसाने सुरा मारला. कोर्टाच्या कागदांत मेलेल्याचं नाव आहे, गावाचंही आहे. बेवारशांच्या जागेत पुरलंय, वर खूण नाही. तिथे एक दगड बसवायचा आहे. कोणी वारस आहे का?

अध्यक्षाने ते पत्र वार्षिक मेळाव्यात वाचून दाखवलं. बिर्याणीच्या आधी, म्हणजे लोक जागेवर असताना. मग चष्मा काढला, रुमाल काढला आणि म्हणाला, “हा माझा पणजोबा.” हॉलमध्ये टाळ्या पडल्या. मीसुद्धा वाजवल्या. त्याची मला अजून लाज वाटते.

त्या वर्षीच्या स्मरणिकेत या शहीद पणजोबावर चार पानं होती आणि शेवटी कोर्टाच्या कागदांची नक्कल, बारीक जुन्या इंग्रजीत. ती कोणी वाचणार नाही या भरवशावरच छापली असावी. मी माझ्या मुलीला वाचायला दिली. ती बँकेत कामाला आहे, मी मराठीत विचारतो आणि ती इंग्रजीत उत्तर देते. वाचता वाचता तिने आमच्या कपाटातून मंडळाची एक जुनी स्मरणिका काढली, दोन्ही शेजारी ठेवल्या आणि म्हणाली, “अब्बा, धिस कान्ट बी हिम.”

जुन्या स्मरणिकेत अध्यक्षाने स्वतःच आपल्या घराण्याचा इतिहास लिहिला होता. पणजोबाने तरुणपणीच जहाज सोडलं, नारळाची बाग लावली, हज केला, वय होऊन वारला, मशिदीमागे कबर आहे. खाली वंशावळ, त्यात आजोबांचं जन्मसाल. ते साल खुनानंतर सात वर्षांनी येतं. म्हणजे हा मुडदा लंडनहून चालत गावी आला, लग्न केलं, बाग लावली, हजला गेला आणि पुन्हा एकदा मेला. एवढा कर्तबगार मुडदा असलेलं घराणं अध्यक्षपदालाच शोभतं. स्वतः लिहिलेलं स्वतः न वाचणारा माणूस आमचं नेतृत्व करतो.

मग लंडनमध्ये मेला कोण?

आमच्या गावात जुनी रीत होती. सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, येऊन जहाजासाठी माणसं उचलायचा. ज्याच्याकडे आधीच्या सफरीचा दाखला असेल त्याला आधी घ्यायचा. दाखलेवाला आजारी पडला तर घरातला दुसरा कोणीतरी त्याच्याच दाखल्यावर, त्याच्याच नावाने जायचा. सारंगाला माहीत असायचं, गावाला माहीत असायचं, फक्त साहेबाला नसायचं. साहेबाला सगळे सारखेच दिसायचे. सफर संपली की दाखला परत, नाव परत. माणूस परत आला नाही तर काय करायचं, ते कोणी ठरवलं नव्हतं.

कोर्टात त्याच्या एका सोबत्याने साक्ष दिली होती. मयताला गावी छोटी मुलगी आहे, तिच्यासाठी त्याने मण्यांची माळ घेतली होती, आणि जहाजावर आम्ही त्याला कागदावरच्या नावाने हाक मारत नव्हतो. न्यायाधीशाने विचारलं नाही की मग कोणत्या नावाने मारत होता. सरकारी वकिलाने विचारलं नाही. खुन्याच्या वकिलाने तर का विचारावं? एवढे शिकलेले लोक त्या खोलीत बसले होते आणि एक साधा प्रश्न कोणाच्या तोंडातून निघाला नाही. मी एखादा कॉम्प्रेसर घेताना त्यापेक्षा जास्त चौकशी करतो.

मुलगी म्हटल्यावर मला माझी फुफू आठवली; तिच्या नानीचा, म्हणजे आईच्या आईचा, बाप जहाजावरून परत आला नव्हता असं ती कधीतरी बोलली होती. माझ्या वडिलांची मोठी बहीण, नव्वदीला टेकलेली, अजमानला मुलाकडे राहते. मी शारजाच्या ट्रॅफिकमधून दीड तास घासत तिच्याकडे गेलो. तिला खुनाचं काही सांगितलं नाही. फक्त विचारलं, तुझ्या नानीचा बाप कोण होता?

फुफूने मला जवळ बसवलं. मग म्हणाली, “पळून गेलेला. असंच म्हणायचे सगळे.”

तिने जे सांगितलं ते असं. तिच्या नानीचा बाप एका पावसाळ्यानंतर जहाजावर गेला. जायचं होतं त्याच्या मेव्हण्याला, पण मेव्हणा तापाने पडला होता. सफर संपून बाकीचे खलाशी आले, हा आला नाही. सारंग म्हणाला, मला ठाऊक नाही. मेव्हणा म्हणाला, विलायतेत मेम ठेवली असेल. बायको, म्हणजे माझी खापरपणजी, भावाच्या दारात जाऊन जाऊन विचारायची. नवरा मेल्याची खबर नाही, म्हणून विधवेने पाळायची इद्दत नाही, दुसरं लग्न नाही. विधवाही नाही आणि सवाष्णही नाही. तिची मुलगी, म्हणजे फुफूची नानी, लग्नांत बायकांच्या मागच्या ओळीत बसायची. पुढे बसली की कोणीतरी विचारायचं, “काय गो, बापाचं काय पत्रबित्र?” आणि सगळ्या हसायच्या.

“तो मेव्हणा कोण?” मी विचारलं.

फुफूने अध्यक्षाच्या पणजोबाचं नाव घेतलं. तेच नाव, जे लंडनच्या कागदांत मयताचं म्हणून लिहिलंय.

मग मी तिला सगळं सांगितलं. ती रडली नाही. दुपट्टा डोक्यावर नीट घेतला आणि विचारलं, “सुरा कुठे लागला?” मी सांगितलं. म्हणाली, “म्हणजे पळाला नव्हता.” हे ती तीन वेळा म्हणाली.

त्या कागदांत शेवटी एक ओळ आहे, जी वाचून माझं डोकं फिरलं. जहाज कंपनीने मयताच्या घरी पत्र पाठवून कळवलं आहे. मयताच्या घरी म्हणजे दाखल्यावरच्या पत्त्यावर. म्हणजे अध्यक्षाचा पणजोबा आपल्या घरी बसून स्वतःच्या खुनाची बातमी घेत होता. खरं सांगितलं असतं तर दाखला दुसऱ्याला वापरायला दिल्याबद्दल तो आणि सारंग दोघेही गोत्यात आले असते. म्हणून त्याने पत्र दाबलं आणि बहिणीला मेमेची गोष्ट सांगितली; खलाशांना पुढच्या सफरीला सारंगच उचलणार होता, म्हणून त्यांनीही तोंड उघडलं नसावं. वर जहाज सोडून बागेला लागला. लागणारच. कागदावर मेलेल्या माणसाला कोण कामावर घेणार?

मी इंग्रजाला फोन केला. तो माणूस सभ्य आहे, पण सभ्य माणसांकडून कामं होत नाहीत. म्हणाला, तुमचं बहुतेक बरोबर आहे, पण ‘बहुतेक’ दगडावर कोरता येत नाही. मग म्हणाला, ज्याचं नाव कोर्टात आहे तो त्यानंतर जिवंत होता असं त्याच्या घरच्यांनी एका कागदावर लिहून सही केली, तर मी ते नाव दगडावरून काढतो. मग तुमच्या खापरपणजोबाचं नाव टाकू, खाली ‘असा समज आहे’ असं लिहू. मला तेही चाललं असतं. मी शंभर टक्के सांगत नाही. मेलेला नक्की कोण होता हे आता फक्त वरच्याला माहीत. पण कोण नव्हता, हे अध्यक्षालाही माहीत आहे.

मी अबुधाबीला गेलो. दोन्ही स्मरणिका त्याच्या टेबलावर उघडून ठेवल्या. त्याने जुनी वाचली, नवी वाचली, चहा मागवला.

“भाई, छापण्यात चूक झाली असेल,” तो म्हणाला.

“कबरही छापण्यात चुकली?”

“आता दगडाची ऑर्डर गेलीय. मोठे पाहुणे येणार आहेत. मंडळाच्या इज्जतीचा सवाल आहे. तुम्हाला काय पाहिजे ते बोला ना. उपाध्यक्ष करतो. स्टेजवर खुर्ची देतो, माझ्या शेजारी.”

माझा जन्म घासाघिशीत गेला. समोरच्याने आकडा टाकला की माझ्या तोंडून आपोआप दुसरा आकडा येतो. त्या दिवशी आला नाही. मी म्हटलं, “एक ओळ लिहा, सही करा. बस.”

“खलास, हबीबी,” तो हसत म्हणाला. “मेले ते मेले. सव्वाशे वर्षांनी कोणाला काय फरक पडतो?”

अजमानमध्ये एका बाईला पडतो. तिला दगडाचा एक फोटो हवा आहे, नानीच्या बापाच्या नावाचा, जो पाहून ती फातेहा वाचेल. बाकी तिचं काही मागणं नाही. आणि तिच्याकडे सव्वाशे वर्षं नाहीत.

दगड पुढच्या महिन्यात बसतोय. त्याआधी मेळावा आहे, त्याच हॉलमध्ये. अध्यक्षसाहेब, तिथे माईकसमोर उभे राहा आणि सांगा: तुमचा पणजोबा मेला केव्हा? लंडनहून आलेलं पत्र त्याने फाडलं, जाळलं, की तुमच्या घरातल्या कुठल्या ट्रंकेत अजून आहे? बहीण दारात उभी राहून नवऱ्याची विचारपूस करत होती तेव्हा तो तिच्या डोळ्यांत बघून बोलत होता की पाठ फिरवून? त्याचा वारसा तुम्ही सांगताय, तर उत्तरही तुम्हीच द्या. सगळ्यांसमोर द्या, आणि खाली उतरायच्या आधी सही करा.