रोजानं लावलेलं काळीज

आधी माफी मागतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि परीक्षेच्या पेपरापलीकडे मी कधी काही लिहिलेलं नाही. यकृताबद्दल खरं तर डॉक्टरांनी लिहावं. पण आमच्याकडे आजारापेक्षा एका शब्दानंच जास्त गोंधळ घातला, तेवढं सांगावंसं वाटतं.

माझे मामा रोहण्याला वांगी आणि टमाटर पिकवतात. त्यांना कावीळ झाली, आणि ती इतकी वाढली की यकृतानं काम करणंच सोडलं. मामा माणसं ओळखेनात. नागपूरच्या दवाखान्यात त्यांना एका यंत्राला जोडलं. डॉक्टर म्हणाले, हे यंत्र रक्तातलं विष गाळत राहील. तेवढ्या अवधीत यकृत सावरलं तर उत्तम, नाहीतर दुसऱ्या कुणाच्या यकृताचा तुकडा बसवावा लागेल. बाबा मामांजवळ थांबले. मला म्हणाले, "तू शिकेल हायेस. जा, मामीले नीट समजावून सांग."

बसमध्ये मी वाक्य जुळवत होतो. 'यकृत' म्हटलं तर मामीला कळेल का, शंकाच होती. मटणाच्या दुकानात कलेजी म्हणतात, मग काळीज म्हटलं की झालं, असं मला वाटलं. मामी अंगणात गाईला कुटार टाकत होती.

"मामी, मामाचं काळीज बंद पडलं. आता मशीनचं लावलं हाये."

मामी मटकन खाली बसली. "म्हणूनच वळखत नाई होते मले! अन् आता मशीनच्या काळजात मी कुठून राहीन, बाबू?"

शेजारच्या काकू कुंपणावरून म्हणाल्या, "बरंच झालं वो. आता राग तरी येणार नाई त्यायले."

मामी रडता रडता हसली आणि पुन्हा रडू लागली. मी घाईघाईनं सांगितलं, धडधडतं ते नाही, कलेजी, बरगड्यांखाली उजव्या बाजूची. तिच्यात रक्त साफ होतं. मग जास्तच शहाणपण केलं. कॉलेजात वाचलं होतं ते सांगून टाकलं, की काही ठिकाणी अशा यंत्राच्या नळ्यांत डुकराच्या यकृताच्या जिवंत पेशी घालूनही प्रयोग झालेत.

"डुकराच्या?" मामीनं पदर कमरेला खोचला. "ज्या डुकरायनं वांग्याचं वावर उकरलं, त्यायचीच कलेजी माह्या माणसाले?"

"नाई, मामी! मामाले साधी गाळणीवाली लावली हाये."

"मग आधी काऊन नाई सांगतलं?"

मी गाईकडे पाहिलं. मामी माहेरी जाते तेव्हा काकू येऊन गाईचं दूध काढतात. म्हटलं, "हे तसंच हाये. घरचं माणूस येईपर्यंत काम अडू नये म्हणून."

मामीनं थोडा विचार केला. "म्हणजे रोजानं माणूस लावला."

"हो. पण त्याले सगळी कामं येत नाईत. मामाची कलेजी उठलीच पाहिजे."

"अन् नाई उठली तं?"

मी तुकड्याचं सांगितलं. मामी लगेच म्हणाली, "माह्यातलं घ्या. तसंही त्यायनं माह्यं काळीज लगन झाल्यापासून खाल्लंच हाये."

पुढचे दिवस आम्ही दोघं वांगी तोडत होतो. काळजाचा सगळा घोळ मी बाबांना फोनवर सांगून टाकला होता. बाबांचा फोन यायचा, "तसंच हाये." मामी विचारायची, "रोजदार अजून कामावरच हाये का?" मी हो म्हणायचो, आणि ती तोडलेलं वांगं उगाच पुसत राहायची.

एका सकाळी फोन आला. बाबांचा आवाज वेगळा होता. मशीन काढली होती. मामांचं यकृत आपलं आपण काम करू लागलं होतं, आता तुकड्याची गरज नव्हती. मी स्पीकर लावला. मागून मामांचा बारीक पण वैतागलेला आवाज आला,

"तुह्या मामीले सांग, काळीज माह्यं माह्याजवळच हाये. अन् वावरात डुकरं तं नाई शिरले?"