तापवावा न लागणारा डफ

महाराष्ट्र दिनाच्या समारंभात परवा प्लास्टिकचं कातडं लावलेला डफ वाजला. "हा तापवावा लागत नाही," असं निवेदकाने अभिमानाने सांगितलं आणि पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र जळत्या कागदाचा वास आला.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. भोईवाड्यातल्या आमच्या चाळीत गुरुजी सकाळी गिरणी कामगारांच्या बायकांना अक्षरं शिकवत आणि संध्याकाळी स्वतः रचलेली गाणी गात. त्या संध्याकाळी चाळीच्या तोंडाशी पोलीसगाडी उभी होती. दमट हवेने सैल पडलेलं कातडं ताणावं म्हणून गुरुजी गॅलरीत कागद पेटवून डफ शेकत होते.

"गुरुजी, आज ऱ्हाऊ द्या," त्यांची विद्यार्थिनी शेवंताबाई म्हणाली.

"अहो, सरकारने श्रोते धाडलेत, तेही गाडीतून! परत कसे पाठवायचे?" त्यांनी डफ तिच्या हातात दिला. "एवढा शेका. मी खाली बोलून येतो."

ते गाडीकडे चालू लागले. शेवंताबाईची नजर त्यांच्यावर खिळली आणि डफ जाळावरच राहिला. कातडं फाटकन फुटलं. खालचे शिपाई दचकले. एकाने बंदूक उचलली.

पहिला आवाज डफाचा होता. दुसऱ्या आवाजाला गुरुजी पडले.

परवा शेवटी मीही टाळ्या वाजवल्या. डफ तापवावा लागत नाही, ही खरंच मोठी सोय आहे.