बिनवासाचं मलम

रुख्माचा भरवसा फक्त स्वतःच्या नाकावर. तेल असो, तांदूळ असो की जावई, हुंगल्याशिवाय ती पास करायची नाही. त्यामुळे नवरा सुखराम दुखऱ्या खांद्यासाठी सालेकशाहून बिनवासाचं मलम घेऊन आला, तेव्हा तिनं दुकानदाराला शिव्यांची लाखोली वाहिली आणि स्वतः जाऊन ट्यूब बदलून आणली.

"मावशी, दवा दोन्हीत एकच आहे. वास वरून टाकतात," दुकानातला धर्मेंद्र परोपरीनं सांगत होता.

"ज्याले वासच नाही, थे दवा कायची?"

काल संध्याकाळी तिनं ते झणझणीत मलम सुखरामच्या खांद्याला चोळलं. तो पालथा पडून होता. हूं की चूं केलं नाही.

सकाळी लेक रेणूनं पोळीचा पहिलाच घास थुंकला. "माय, पोळीले मलमाचा वास येऊन राहिला!"

रुख्मानं आपले हात हुंगले. सुखराम तर उजाडताच सोबत्याला, बकारामला घेऊन दरेकसाच्या जंगलात आग्या मोहोळ काढायला गेला होता. मोहोळाला जायचं म्हटलं की तो आदल्या दिवसापासून तेल-साबण शिवत नसे. परक्या वासानं माशा चवताळतात. बिनवासाचं मलम त्यानं मागून घेतलं होतं ते त्यासाठी, आणि तिनं शहाणपणा करून त्याच्या मरणाची सोय केली होती.

ती तशीच, पिठाच्या हातांनी धावत सुटली.

अर्जुनाच्या झाडाखाली बकाराम धूर करत होता. सुखराम वर फांदीला लागला होता आणि मोहोळाची काळी पाठ सळसळायला लागली होती. हाक मारायची सोय नव्हती. तिनं त्याच्या कमरेचा, खाली लोंबणारा दोर धरून हिसडला. तो इशारा ओळखून सुखराम सरसर उतरला, तोवर माशा उठल्याच. तिघंही नाल्याकडे पळाले आणि बकारामनं आधीच भिजवून ठेवलेल्या घोंगडीखाली घुसले. माशा पांगेपर्यंत सुखरामची मान टरारून सुजली, पण जीव वाचला.

"काऊन आलीस?" तो खेकसला.

तिनं रडतच तळवा त्याच्या नाकाशी नेला. "हुंगा."

त्यानं हुंगलं. पुन्हा हुंगलं. "काय आहे?"

पलीकडे बकाराम नाक मुरडत होता. रुख्मा आधी चिडली. मग तिनं नवऱ्याचा चेहरा पाहिला.

"कवापासून जी?"

"कोरोनापासून."

माशा उठायच्या आधी मोहोळातून पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो, तो आला की हातातलं टाकून उतरायचं, हे सुखरामनंच बकारामला शिकवलं होतं. आणि इतकी वर्षं तो स्वतः त्या वासावाचून चढत होता.

"मले सांगतलं काऊन नाही?"

"सांगतलो असतो, त तू चढू देली असतीस?"

रुख्मानं त्याच्या कमरेचा दोर सोडला, गुंडाळून काखेत मारला. "नाही," ती म्हणाली, आणि घरच्या वाटेला लागली.