पहिली फणी

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला आशिया खंडाचा मानवी आणि आर्थिक भूगोल होता. सोलापूरच्या कॉलेजात मॅडम नकाशा लावून एकेक प्रदेश शिकवायच्या. नैऋत्य आशियात खनिज तेल आणि वाळवंट, शेतीला पाणी कमी. आपल्याकडे माणसं जास्त, हातांना काम कमी. म्हणून इकडून मजूर जातात, फळं जातात, तिकडून पैसा येतो. मॅडम बाण काढून दाखवायच्या, आम्ही ते उतरवून घ्यायचो. ओमानकडे जाणारा बाण मी जरा जपून काढला. दादा तिथे आहे.

आमचं गाव उजनीच्या पाण्याकाठी आहे. जेऊरला रेल्वेतून उतरायचं, पुढे जीपने जायचं. दादाने उसाचं एक रान मोडून तिथे केळीची रोपं लावली आणि दोन महिन्यांत त्याचा व्हिसा आला. बांधकामावरचं काम. बाग धरेल तेव्हा आपण इथे नसू हे आधी कळलं असतं, तर त्याने ऊसच ठेवला असता, असं मला अजून वाटतं.

आमच्या घरात एक रीत आहे. नव्या बागेचं पहिलं फळ लावणाऱ्याने खायचं, मग बाकीच्यांनी. बाग तोडणीला आली तेव्हा मी सुट्टीला घरी होते. माल ओमानला जाणार असं व्यापाऱ्याने सांगितलं होतं. तो कुठल्या वाटेने, असं आईने विचारलं, म्हणून मी मोबाइलवर नकाशा उघडून समुद्रावरून बोट नेलं.

"म्हंजी दादाच्याच गावाला," ती म्हणाली.

देश तोच, गाव कुठलं ते सांगता येणार नाही, असं मी म्हटलं. पण पुढचं तिने ऐकलं नसावं.

तोडणीच्या दिवशी तिने पहिल्या घडाच्या वरच्या फणीला ओल्या बोटांनी हळदकुंकू लावलं. तोडणीची टोळी बंगालची होती. ती पोरं घडाच्या फण्या सोडवून पाण्यात धुतात आणि खोक्यात भरतात. केळी हिरवी आणि कच्ची लागतात, सालीवर डाग चालत नाही. फणी दोनदा धुतली तरी लाल डाग राहिलाच. मुकादमाने ती टाकाऊ मालात ठेवली. आई त्याच्या मागे हिंडत मराठीत समजावत होती, बाकीचं सगळं राहिलं तरी चालेल, हीच जायला पाहिजे. तो हिंदीत, नरमाईनेच, नाही म्हणत होता.

"अगं, त्या गार कंटेनरात देवाचं काय काम?" वडील म्हणाले. "तिथली थंडी सोसंल व्हय त्याला?"

आई हसली नाही. फणी पदरात घेऊन घरी आली.

ती फणी स्वयंपाकघरात टांगलेलीच पिकली. लावणाऱ्याच्या तोंडात पडलं नाही तोवर आपण कसं खायचं, असं आईचं म्हणणं. दादाला शुक्रवारी सुट्टी असते. आईने त्याला फोनवर बजावलं की दुकानात आपली केळी आली असतील, आण आणि माझ्यासमोर खा.

पुढच्या शुक्रवारी त्याने व्हिडिओ कॉल केला. खोलीतल्या पलंगावर बसला होता, हातात केळं. त्यावर छोटा स्टिकर होता.

"आपलीच हायत न्हवं, लेका?"

त्याने स्टिकरकडे पाहिलं.

"व्हय की. साल बघूनच वळखली."

फोन मी धरला होता. स्टिकरवरची इंग्रजी अक्षरं मला वाचता आली. फिलिपिन्स. दादाने अंगठा त्यावर ठेवला आणि सोलायला लागला.

मग आईने टांगलेल्या फणीतलं एक केळं तोडलं. काळं पडलं होतं, देठाशी गळत होतं. "लई गोड झाल्यात," ती म्हणाली. दादा मान हलवत चावत राहिला. मीही एक खाल्लं. फार पिकलं होतं.

फिलिपिन्सहून आखाताकडे केळी जातात, हे पुढे वर्गातही आलं. मॅडमनी बाण काढला, मी तो वहीत उतरवून घेतला.

दादाला अजून रजा मिळालेली नाही. आता त्याच बागेचा खोडवा, म्हणजे जुन्या बुंध्यांतून फुटलेलं दुसरं पीक, तोडणीला आलाय. परवा आई फोनवर मला सांगत होती, "औंदा हळदकुकू न्हाई लावायची. नुसता हात फिरवीन फणीवरनं. हाताचा काय डाग पडत न्हाई."