विल्फचं तिसावं उड्डाण

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आमच्या इंग्लंडातल्या लिंकनशरच्या सपाट शिवारात जिकडे बघावं तिकडे विमानतळ. अशाच एका तळावर विल्फ डॉबर बॉम्बरच्या शेपटात बसायचा. मूळचा जवळच्याच लाउथ गावचा, बेकरीत पीठ मळणारा. अंगाने किरकोळ, म्हणून शेपटातल्या त्या थंडगार काचेच्या खोपटात बंदुकांसकट मावायचा. बोलणं म्हणाल तर विचारल्याशिवाय नाही. असली माणसं मागे पडतात, आणि विल्फही पडलाच होता.

त्याचं असं झालं. हवाई दलात बुटाची नाडी कशी बांधायची याचासुद्धा नियम होता. पण एका विमानाची सातजणांची टोळी जमवायची वेळ आली, की साहेबलोक पायलट, नकाशेवाले, बंदुका चालवणारे गनर अशा सगळ्यांना एका मोठ्या शेडमध्ये सोडायचे आणि म्हणायचे, "जमवा आपापसात." झालं. कोणी कोणाबरोबर मरायचं, ते पोरांवरच सोपवलेलं. विल्फ चहाचा मग धरून भिंतीला टेकून उभा. सगळ्यांचं जुळत आलं तरी हा तिथंच. शेवटी गॉर्डन ट्रेलॉर नावाचा एक ताडमाड ऑस्ट्रेलियन पायलट समोर येऊन ठाकला.

"गनर ना तू? नेम बरा आहे का?"

"बरा आहे."

"दारू पितोस?"

"आई ओरडते."

"म्हणजे एकजण तरी शुद्धीवर राहील. चल, पदरी पडलं पवित्र झालं."

बोलणं चेष्टेचं, पण विल्फला त्या दिवशी सहा भाऊ मिळाले. आईचा केक आला की त्याचे सात तुकडे व्हायचे, आणि सगळ्यात लहान तुकडा विल्फ स्वतःला ठेवायचा.

तीस मोहिमा झाल्या की सुटका, असा रिवाज. पण हिशेब टोळीचा नव्हे, ज्याचा त्याचा. फेब्रुवारीत विल्फचा कान फुटला आणि डॉक्टरने त्याचं उडणं बंद केलं. नशीब असं, की खराब हवेने त्या आठवड्यात बाकीच्या मोहिमा रद्द झाल्या आणि एकच पार पडली, नेमकी विल्फशिवाय. त्याच्या जागी परका गनर गेला. विल्फ धावपट्टीच्या कडेला कानात बोळा घालून उभा राहिला आणि विमान परत दिसेपर्यंत त्याचा जीव टांगणीला होता.

जूनमध्ये टोळीच्या तीस भरल्या. विल्फची एक राहिली.

आता टोळी गेलेला माणूस म्हणजे सुटा. कोणाचा गनर आजारी पडला की सुट्याला त्या जागी घालायचं. आणि सुटा चढला की त्या टोळीच्या कपाळाला आठ्या. अपशकुनी म्हणे! मेली ती समजूत, पण बंदुका आग ओकत असताना कोणाला शहाणपण सुचतं? सुट्याशी कोणी धड बोलत नसे, आणि बिचारा परक्यांत बसून मरणाच्या दारात जाऊन यायचा.

गुत्त्यात बिअर पिताना ट्रेलॉर म्हणाला, "उद्या साहेबाला सांगतो. आपण सगळे आणखी एकदा जाऊ. विल्फला सोडून घरी जायचं नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. बॉम्ब टाकणाऱ्या पर्सीनेही डोलावली. पर्सीला नुकतीच मुलगी झाली होती आणि त्याने तिचं तोंडही पाहिलं नव्हतं. विल्फला आधी आनंद झाला, मग त्या आनंदाची लाज वाटली.

सकाळी उठल्या उठल्या तो माल्टबी साहेबांकडे गेला. कुठल्या विमानात कुठला गनर घालायचा, ते हेच ठरवायचे.

"साहेब, मला आज कुठेही टाका. माझे लोक उठायच्या आत."

"ट्रेलॉरला विचारलंस?"

"त्याला कळायला नको."

माल्टबींनी वहीत त्याचं नाव टिपलं. "दुपारी भिंतीवर यादी लागेल, बघ."

दुपारी विल्फने भिंतीवर पाहिलं. शेपटात डॉबर. पायलट ट्रेलॉर. मधली पाचही नावं तळावरच्या सुट्यांची. विल्फ तडक जेवणघरात गेला. ट्रेलॉर ताट पुढ्यात घेऊन बसलेला.

"इथे काय करतोयस?"

"अंडं खातोय. या टंचाईत उडणाऱ्यालाच मिळतं म्हणतात."

"तुझ्या तीस झाल्यात. घरी जा."

"माल्टबीने सगळं सांगितलं मला. मोठा शहाणा, आम्हाला चुकवून जाणार होतास."

"पर्सीने पोरीला पाहिलेलं नाही रे."

"म्हणून तर त्याला गाडीत बसवून आलो. पाचहीजणांना. पार स्टेशनपर्यंत तुला शिव्या घालत होते."

"आणि तू?"

ट्रेलॉरने काटा खाली ठेवला. "तुझा कान फुटला तेव्हा तो दुसरा आला होता ना, चांगला होता बिचारा. पण 'मागे ठीक?' विचारलं की परका आवाज यायचा. मला वाटायचं, विमान अर्धंच घेऊन निघालोय. तुझी सवय झालीय मला. तू दुसऱ्याच्या शेपटात बसणार आणि मी गवतावर बसून वाट बघणार? नाही जमायचं."

विल्फने समोरची खुर्ची ओढली.

"बस आणि खा," ट्रेलॉरने तळावरची नेहमीची थट्टा केली. "तू नाही परतलास तर उद्याचं तुझं अंडं माझं."

विमानापाशी ते पाचजण मान खाली घालून उभे होते. ट्रेलॉरने एकेकाला नाव विचारलं, गाव विचारलं, आणि म्हणाला, "सगळेच सुटे म्हटल्यावर अपशकुन कोणी कोणाला करायचा? चढा." एकजण हसला, मग बाकीचेही हसले.

त्या मोहिमेत जर्मनीतल्या रूरवर तोफांनी त्यांना चांगलंच भाजून काढलं. एका पंखाला भोक पडलं, एक इंजिन बंद पडलं. पण उजाडता उजाडता विमान घरी टेकलं. पाचही सुटे उतरले, एकमेकांच्या पाठीवर थापा मारू लागले. विल्फ मात्र उतरेना. ट्रेलॉर पळत शेपटाकडे गेला आणि त्याने काचेवर हात आपटला.

"विल्फ, लागलंय का?"

त्याने पुन्हा काच ठोकली.

"अरे बोल, नाहीतर काच फोडतो."

"लागलं नाही."

"मग उतरत का नाहीस?"

"रडतोय."

ट्रेलॉर खाली गवतावर बसला, शेपटाच्या चाकाला पाठ टेकली आणि सिगारेट पेटवली.

"रड सावकाश," तो म्हणाला. "न्यायला लॉरी यायचीय अजून."